खासनीसांची अमेरिकेतली लाइन

दर रविवारी सकाळी नऊ वाजले की खासनीस हलायचं बंद करतात.

खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. पांढरा शर्ट, मागे पांढरी भिंत, समोर कॉम्प्युटर, आणि हलतात ते फक्त ओठ. पासपोर्टचा फोटो बोलायला लागावा तसं. "चौकड्यांचा शर्ट लाइनला जड जातो, शेठ," त्यांनी मला समजावलं होतं. "आपण हललो की चित्र बदलतं, चित्र बदललं की डेटा वाढतो. आपल्या बाजूला काही अडचण नाही. त्यांच्या बाजूला झेपत नाही." एकदा मी त्यांच्या मागे बसून चहात साखर ढवळत होतो, तर मान न वळवता म्हणाले, "चमचा थांबवा."

त्यांची बाजू म्हणजे अमेरिका. तिथे मुलगा निनाद, सून आणि तीन वर्षांची नात इरा. इकडे टोकियोच्या कोतो भागात अकराव्या मजल्यावर खासनीस एकटे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. बँकेचे जुने प्रोग्राम वाचता येणारी माणसं मिळेनात, म्हणून साठीला टेकलेल्या या गृहस्थाला कुणीतरी पुण्याहून टोकियोला आणलं.

त्याच इमारतीखाली माझं दुकान आहे. डाळ, पोहे, साबुदाणा. जो कुणी पोहे घ्यायला येईल त्याला खासनीस धरायचे. "इथे भाड्याच्या खोलीत काचेच्या तारेतून नेट येतं, चुटकीसरशी! आणि अमेरिका बघा. पैसे दुप्पट, आणि नात दिसते ठोकळ्याठोकळ्यांची! पैसे विमानाचे, वेग बैलगाडीचा!" ऐकता ऐकता एका बाईंची कचऱ्याची गाडी निघून गेली. त्यांना ती पिशवी तीन दिवस बाल्कनीत सांभाळावी लागली. पुढे त्या खासनीस दिसले की पोह्यांशिवाय परत जायच्या.

गेल्या हिवाळ्यात ठोकळेही दिसेनासे झाले. "बाबा, नेट फार स्लो आहे, नुसतं बोलू या," निनाद म्हणायचा. वरचा प्लॅन का घेत नाहीस, तर म्हणे फार महाग पडतो. पुढे बोलणंही एक रविवार सोडून एक झालं. खासनीस मात्र दर रविवारी पांढरा शर्ट घालून बसत.

माझं डोकं फिरलं. मी चिपळूणच्या बाजारात भाजीच्या पाट्या उचलत धंदा शिकलोय. जपानात भाव करायची सोयच नाही. किंमत सांगतात, वाकतात, विषय संपला. आठ वर्षं माझी जीभ नुसती गंजत पडली होती. इराच्या जन्माच्या वेळी खासनीस तिकडे तीन महिने होते, तेव्हा ते कनेक्शन त्यांच्याच नावावर घेतलेलं.

"कागद द्या. मी बघतो त्या कंपनीकडे."

"राहू द्या हो, शेठ. कशाला उगाच?"

"कशाला म्हणजे? नात बघायचीय ना तुम्हाला?"

कागद मी त्यांच्या फायलीतून जवळजवळ ओढूनच घेतला.

सोमवारी सकाळी ते ऑफिसला गेल्यावर मी खासनीस होऊन अमेरिकेला फोन लावला. पलीकडे एक बाई. काय सांगू, तासभर असा आनंद मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. मी म्हणालो, कनेक्शन तोडतो. ती म्हणाली, थांबा. मी म्हणालो, थांबत नाही, आणि थांबलो. शेवटी महिन्याला पंधरा डॉलर कमी! मग मी मूळ मुद्द्यावर आलो. याच भावात तुमचा सगळ्यात वेगवान प्लॅन द्या.

"पण सर, तो तर तुमच्याकडे हिवाळ्यापासूनच आहे," ती म्हणाली.

मग चित्र का अडकतं? तिने तपासलं. लाइन उत्तम होती. वापरही भरपूर होता.

संध्याकाळी खासनीस दुकानात आले. मी त्यांना आधी पंधरा डॉलरचं सांगितलं. बाकीचं सांगायला तोंड उघडत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "त्याचं पत्र जाईल का निनादच्या घरी?"

"जाणारच. प्लॅनचं नाव, नवा दर, सगळं छापून."

ते तांदळाच्या पोत्यावर बसले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी ओरडलोच.

"तीस वर्षं कॉम्प्युटरचंच काम करतोय, शेठ. लाइनचा वेग मला इथून मोजता येतो." मग म्हणाले, "निनादला तोंडावर नाही म्हणता येत नाही. लहानपणी कारल्याची भाजी असली की पोट दुखतंय म्हणायचा. त्याची आई पोटाला हिंग चोळायची आणि भाजी वाढायची नाही. एका शब्दाने कधी विचारलं नाही तिने. दोघं आठवडाभर राबतात. शनिवारची एक संध्याकाळ मिळते त्यांना, तीच माझी रविवार सकाळ. पत्र बघून त्याला कळेल की मला कळलंय. तो ओशाळेल. ओशाळलेला माणूस फोन करत नाही."

दुसऱ्या दिवशी ते अर्धी रजा टाकून माझ्या शेजारी उभे राहिले. फोनवर या वेळी एक पुरुष होता. मी सांगितलं, कालची सूट रद्द करा.

"सर, तुम्हाला जास्त पैसे भरायचे आहेत?"

"हो."

त्याने साहेबाला बोलावलं. साहेबाने तोच प्रश्न पुन्हा विचारला. खासनीस माझी बाही ओढत होते. "पत्राचं विचारा, पत्राचं." पत्र अजून निघालं नव्हतं, ते तिथेच थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव चढवून मागितला, तोही प्लीज म्हणून! तो राग माझा अजून गेलेला नाही.

पुढच्या रविवारी दहाच्या सुमाराला ते खाली आले. मी काही विचारणार नव्हतो.

"आला होता फोन," ते म्हणाले. "चार मिनिटं बोलला. मागच्या वेळी तीनच होती."