नदीची हरकत

नदीने किती चढावे हे आमच्या गावात बहुमताने ठरते. यात हसण्यासारखे काही नाही. तशी रीतसर तरतूद आहे आणि तिची फाइल माझ्याच टेबलावर असते.

मी विज्ञानाधिष्ठित धोरण कक्षाचा हेडक्लार्क. कक्षात विज्ञानासाठी एक शास्त्रज्ञ आणि धोरणासाठी बाकीचे अकरा जण, अशी विभागणी आहे. शास्त्रज्ञांना आम्ही मोजणीसाहेब म्हणतो. त्यांनी दोन वर्षे चिखल तुडवला, जुन्या भिंतींवरचे ओलीचे डाग मोजले, चाळीस वर्षांच्या नोंदी चाळल्या आणि एके दिवशी लाल रंगाचा डबा घेऊन घराघरांवर पूररेषा ओढली. पाणी इथपर्यंत येऊ शकते, असा तिचा अर्थ. आमच्या तळमजल्यावर ती खिडकीच्या वरून गेली.

त्या खिडकीखाली आईची खाट. तिला जिना चढवत नाही. आम्ही घाबरून तिला खुर्चीत बसवून दुसऱ्या मजल्यावर थोरल्या भावाकडे नेले. वहिनींनी तोंडभरून स्वागत केले आणि आठव्या दिवसापासून भांडी आपटायला सुरुवात केली.

"अहो, ती रेषा तुमच्याच ऑफिसातली ना?" बायको म्हणाली. "मग जरा खाली सरकवा की. आईंना वर किती दिवस ठेवायचं?"

मी तत्त्वाचा माणूस. "अशी कशी सरकवता येईल? त्यासाठी हरकती मागवाव्या लागतात," असे ठणकावून सांगितले आणि दुसऱ्या दिवशी मागवल्या.

तीस दिवसांत चारशे अकरा हरकती आल्या. डॉक्टरांची आली, वकिलांची आली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंची तर सर्वांत आधी आली. सगळ्यांचे म्हणणे एकच: रेषा शास्त्रशुद्ध आहे, फक्त आमच्या घरावर तेवढी चुकली आहे. एक हरकत माझीही होती. नागरिक म्हणून मी ती दाखल केली, हेडक्लार्क म्हणून तिची पोच दिली आणि वर शिफारसही केली.

सुनावणीला मोजणीसाहेब नकाशांची गुंडाळी काखेत मारून आले.

"काठापासून वर चौदा फूट," ते म्हणाले.

"लोक शून्य म्हणताहेत," मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, पाणी लोकांना विचारून चढत नाही."

"तेच तर त्याचं चुकतं! हे बघा, तुम्ही एकटे, ते चारशे अकरा. तरी तुमचा मान राखतो. सात फूट करू."

"साताला आधार काय?"

"चौदाचे निम्मे. आता गणितही तुम्हाला मान्य नाही का?"

मोजणीसाहेबांनी गुंडाळी पुन्हा काखेत मारली. मी टिपणी पूर्ण केली: 'नदीकडून विहित मुदतीत कोणतीही हरकत प्राप्त झालेली नाही. सबब तिची संमती गृहीत धरण्यात येत आहे.'

जुन्या रेषेवर चुना फासला गेला. नवी रेषा आमच्या पायरीशी आली. पुढचे सांगायला मला लाज वाटते. ती टिपणी मीच लिहिली होती, आणि मीच तिच्यावर विश्वास ठेवला. त्याच दुपारी आईला खाली आणले. खुर्चीचा एक पाय वहिनींनी स्वतः धरला होता.

पुढच्या वर्षी सलग पाच दिवस पाऊस लागला. मी ऑफिसला निघत होतो तेव्हा पाणी पायरीशी आले. मंजूर उंचीवर ते जराही थांबले नाही. उंबरा ओलांडून थेट आईच्या खाटेखाली शिरले.

"एवढंच येणार आहे, आई. मंजुरी एवढ्याचीच आहे," मी सांगत राहिलो. पाणी गुडघ्याला लागले तसे आम्ही तिला खुर्चीत बसवले. भाऊ कामावर गेलेला, बायकोला आणि मला मिळून खुर्ची हलेना. तेवढ्यात कमरेइतक्या पाण्यातून, घराघरात डोकावत, मोजणीसाहेब आले. त्यांनी आईला पाठीवर घेतले आणि वर नेऊन वहिनींच्या पलंगावर ठेवले.

पाणी संध्याकाळपर्यंत चढले. चुना धुऊन निघाला, खालून लाल रेषा दिसू लागली आणि पाणी तिथे येऊन थांबले.

"बाबा, तुला कसं रे ठाऊक?" आईने त्यांना विचारले.

"मोजलं होतं, आजी."

"मग याला सांगायचं होतंस ना! हा त्याच खात्यात आहे."

मोजणीसाहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी पायाचा चिखल खरवडत बसलो.

रीतसर चौकशी झाली. नदीची हरकत मुदतीनंतर प्राप्त झाल्याने ती फेटाळण्यात आली. तथापि, सहानुभूती म्हणून रेषा पुन्हा चौदा फुटांवर नेण्याचा प्रस्ताव आहे. त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या आहेत.

या वेळी मी हरकत घेतलेली नाही. आई वरच आहे, आणि वहिनी भांडी आपटतात ती मी निमूट ऐकतो. कालपर्यंत चारशे नऊ हरकती आल्या. माझी सोडली तर मागच्या यादीतली आणखी एकच यायची राहिली आहे. तुम्ही मघापासून हसताय म्हणून नाव ताडून पाहिले.

ती तुमची आहे. मुदत उद्या संपते. पेन माझ्या टेबलावर आहे.