एक ते दोनची ओळ

मंगळवारी सकाळी टापटीपने ती ओळ पुसून टाकली आणि दातात अडकलेलं काहीतरी निघाल्यासारखं त्याला बरं वाटलं.

टापटीप हे नाव ऑफिसने ठेवलेलं. टेबलावरची पेन्सिल वाकडी दिसली तरी त्याला चैन पडत नसे. दुसऱ्याचा कोड वाचताना त्याचा चेहरा सुनेच्या स्वयंपाकघरात शिरलेल्या सासूसारखा होई. त्यामुळे जुनी सॉफ्टवेअर साफसूफ करायची ठरली, तेव्हा मॅडमनी ते काम सरळ त्याच्या गळ्यात घातलं. त्याने यादी केली. पहिला नंबर दातांच्या दवाखान्याचा. दुसरा ऑफिसच्याच तपासणी प्रोग्रामचा. तो रोज चार वाजता सुरू होई आणि पंचवीस मिनिटं सगळ्यांचे कॉम्प्युटर अडवून बसे.

दवाखान्यात रुग्णांना वेळ देणारं सॉफ्टवेअर नऊ वर्षांपूर्वी ऑफिसातल्या काकांनी लिहिलं होतं. काका आता निवृत्त होऊन घरी कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांच्या कोडमध्ये एक अजब ओळ होती. दुपारी एक वाजला की पडद्यावर 'कृपया थांबा' येई, एक चकती गरगर फिरत राही आणि दोनच्या ठोक्याला काम पुन्हा सुरू होई. वर काकांची सूचना होती, 'याला हात लावू नये.'

"कारण नाही, काही नाही, म्हणे हात लावू नये!" टापटीप म्हणाला. "हा कोड आहे की ओला रंग?"

आणि त्याने हात लावला.

बुधवारी दुपारी दवाखान्यातून रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला. आवाज रडवेला होता.

"अहो, तुमचं मशीन बिघडलंय."

"काय होतंय?"

"चालतंय."

"मग?"

"सारखंच चालतंय हो! थांबतच नाहीये!"

टापटीपला वाटलं, ताई कौतुक करताहेत. त्याने आभार मानले. गुरुवारी मात्र मोठ्या डॉक्टरबाईंचं सहीनिशी पत्र आलं. सॉफ्टवेअर बिघडलं आहे, शनिवारपर्यंत पूर्ववत झालं नाही तर आम्ही दुसरं घेऊ. बिघाड कोणता, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

मॅडमनी पत्र त्याच्यासमोर ठेवलं. "आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे. ते गेलं तर साफसफाई बंद. आणि साफसफाई करणाराही."

शुक्रवारी टापटीप दवाखान्यात जाऊन बसला. पाऊण वाजता सॉफ्टवेअर झकास चालत होतं. एक वाजताही झकास चालत होतं. सव्वा वाजता बाकावर पाच रुग्ण होते, ताईंच्या कोपराशी न उघडलेला डबा होता आणि त्यांची नजर त्या डब्यावरून हलत नव्हती. आतल्या खोलीतून एका गृहस्थाचा आवाज आला, "डॉक्टर, तोंड मिटू का आता?"

"मिटा की. उघडायला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मघाशी."

सत्तरीच्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. चष्मा कपाळावर होता आणि त्या तो टेबलावर शोधत होत्या.

"बाई, बिघाड नक्की काय आहे?" टापटीपने विचारलं.

"ते तुम्ही शोधायचं!" त्या कडाडल्या आणि भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांच्याच अक्षरात पाटी होती, 'मशीन चालू आहे तोवर एकही रुग्ण परत जाणार नाही.' "हा माझा शब्द आहे. मशीन चालू आहे. पुढचा!" बोलता बोलता त्यांनी जांभई दाबली.

टापटीपने ताईंचा डबा पाहिला, पाटी पाहिली आणि घड्याळ पाहिलं. तो जिन्यात गेला आणि काकांना फोन लावला.

"पुसलीस ना?" काका म्हणाले. "सांगितलं होतं, हात लावू नये."

"कारण लिहायचं ना, काका!"

"कारण गुपित होतं रे."

"ताईंनी सांगितलं होतं का तुम्हाला? जेवणासाठी?"

"ताई कशाला सांगतील? मोठ्या बाईंनीच सांगितलं. पाटी लावून आठ दिवस झाले होते. शब्द मागे घेववेना आणि भूक काही ऐकेना. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, 'मशीनलाच जरा दमवता येईल का हो?'"

टापटीपने ती ओळ जशीच्या तशी परत घातली. पण शनिवारी एक वाजायच्या आधी तो त्या बाकावर जीव मुठीत धरून बसला होता.

एक वाजला. चकती फिरू लागली. 'कृपया थांबा.'

"पुन्हा बंद पडलं?" डॉक्टरबाई गरजल्या. "काय हा ताप! नऊ वर्षं सोसतेय मी!" मग त्यांनी टापटीपकडे पाहिलं. रागाचा मागमूस नव्हता. "आता बरोबर झालं हं," असं हळूच म्हणून त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाकावरचे रुग्णही जेवायला घरी निघाले. ताईंनी डबा उघडला. थोड्या वेळाने दारामागून बारीक घोरणं ऐकू आलं, आणि गुरुवारनंतर पहिल्यांदा टापटीपला मोकळा श्वास घेता आला. त्याला इतकं हलकं वाटलं की जाताना त्याने बाकावरची वाकडी मासिकं तशीच राहू दिली.

सोमवारी त्याने त्या ओळीवर काकांनी न लिहिलेलं कारण लिहिलं, 'एक ते दोन माणसं जेवतात. उपाशी माणसाने कोणाचे दात काढू नयेत.' शिवाय एक चाचणी लिहिली. सॉफ्टवेअर एक ते दोन चाललं, तर ती नापास होई.

चार वाजले. तपासणी सुरू झाली, सगळे कॉम्प्युटर अडले आणि खुर्च्या भराभर मागे सरकल्या. मॅडम त्याच्या टेबलापाशी आल्या. हातात चहाचा कप होता.

"यादीत दुसरा नंबर याचाच ना? पंचवीस मिनिटं का लागतात, बघितलंस?"

"बघितलं," टापटीप म्हणाला. "याला हात लावू नये."

मॅडमनी घोट घेतला. "कारण लिहून ठेवलंयस?"

"ठेवलंय," तो म्हणाला आणि आपला कप शोधू लागला.