उसना क्रूस, उसना नवरा

"दर वर्षी माझाच क्रूस! बाकीच्यांचे काय रजेवर जातात का?" पेलागियाबाई कपाटात डोकं खुपसून पुटपुटत होत्या, आणि त्यांच्या पाठीला जवळजवळ टेकून उभी असलेली अदेला ते ऐकू न आल्यासारखं करत होती.

नाताळ झाला की फादर घरोघर आशीर्वाद द्यायला येतात, हे त्या इमारतीत सगळ्यांना वर्षभर माहीत असतं आणि नेमक्या त्याच दुपारी आठवतं. टेबलावर पांढरं कापड, उभा क्रूस, दोन मेणबत्त्या, वाटीत पवित्र पाणी आणि ते शिंपडायचा कुंचला, एवढं तर लागतंच. हा सगळा सरंजाम धड फक्त पहिल्या मजल्यावरच्या पेलागियाबाईंकडे होता. त्यामुळे तो फादरांच्या पुढे पुढे मजले चढत जायचा. एका घरातला आशीर्वाद संपला की घरच्या बाईने फादरांचा कोट शोधायला वेळ लावायचा, तेवढ्यात येशू पुढच्या घरी. जुन्या फादरांना हे ठाऊक होतं. प्रत्येक मजल्यावर तोच टवका उडालेला क्रूस बघून ते ओळखीचं हसायचे. यंदा मात्र नवे होते, फादर तोबियाश. तरुण, आणि सगळं मनापासून घेणारे.

शिवाय यंदा तिसऱ्या मजल्यावर अदेलाकडे आणखी एक वस्तू कमी होती. नवरा.

झेनोन नोव्हेंबरपासून पाचव्या मजल्यावर आईकडे राहत होता. सर्व संतांच्या सणाला फुलं आधी कोणाच्या वडिलांच्या कबरीवर न्यायची, यावरून ठिणगी पडली.

"माझे बाबा आधी गेलेत," झेनोन म्हणाला.

"मग त्यांना वाट बघायची सवय असेल," अदेला म्हणाली.

झेनोनने सपाता उचलल्या आणि लिफ्टने वर गेला. तेव्हापासून इमारतीत सगळे म्हणत, 'आईचे गुडघे दुखतात ना, म्हणून तो वर असतो.' आईचे गुडघे ठणठणीत होते. अदेला अजून दोघांपुरतं बीटचं सूप करायची आणि दोन दिवस एकटी खायची. पण 'ये' हा शब्द तिच्या तोंडून निघत नव्हता, आणि 'येऊ का' हे झेनोनच्या.

तिने सासूबाईंना फोन लावला. "क्रूसाची सोय झालीये. नवरा तेवढा तुमच्याकडून हवा होता. तासाभरासाठी."

"इस्त्री करून पाठवते," लेओकादियाबाई म्हणाल्या. "पण परत वर येताना त्याला क्रूस घेऊन यायला सांग. तुझ्यानंतर माझाच नंबर. चौथ्यावरचे सगळे सुट्टीला डोंगरात गेलेत."

फादर आले तेव्हा झेनोन नवऱ्यासारखा बसला होता. प्रार्थना झाली, पाणी शिंपडून झालं, दारावर खडूने, बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांची आद्याक्षरं लिहून झाली. स्वयंपाकघरात नळ टपटपत होता.

"हा कधीपासून गळतोय?" झेनोनने विचारलं.

"डिसेंबरपासून," अदेला दात आवळून म्हणाली.

फादरांनी दोघांकडे पाहिलं, पण त्यांचं मन चांगलं होतं. "असं एकमेकांना धरून राहिलेलं घर दिसलं की बरं वाटतं," ते म्हणाले. "देवाचं प्रेमही असंच. रुसून उठून जात नाही."

झेनोनला जोराचा ठसका लागला. ती संधी साधून त्याने मेणबत्त्या फुंकल्या, क्रूसासकट टेबलावरच्या कापडात गुंडाळल्या, दुसऱ्या हातात वाटी घेतली आणि सटकला.

"फादर, तुमचा कोट..." अदेलाने सुरुवात केली आणि थांबली. कोट फादरांच्या अंगावरच होता. पहिल्या मजल्यावर तो अर्धा तास सापडला नव्हता, म्हणून इथे त्यांनी काढलाच नव्हता.

"असू दे, निघतो," म्हणत ते बाहेर पडले आणि बंद होणाऱ्या लिफ्टच्या दारात त्यांनी पाय घातला.

आत झेनोन गाठोडं पोटाशी धरून उभा.

"तुम्हीही वर?"

"आईकडे. जरा... कपडे द्यायला."

"तुमच्या कपड्यांतून धूर येतोय," फादर म्हणाले.

"धूप असेल, फादर."

तेवढ्यात कापडाने पेट घेतला. फादरांनी एका हाताने लाल बटण दाबलं, दुसऱ्याने वाटी हिसकावली आणि सगळं पवित्र पाणी गाठोड्यावर आणि झेनोनच्या इस्त्रीच्या शर्टावर ओतलं. आग विझली. लिफ्टही दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, ती कायमचीच. जळक्या भोकातून टवका उडालेला क्रूस डोकावत होता.

"यांना मी आज चौथ्यांदा भेटतोय," फादर क्रूसाकडे बघत हळूच म्हणाले.

खाली अदेला धावत आली, वरून लेओकादियाबाई उतरल्या. पेलागियाबाई क्रूसाच्या काळजीने आल्या आणि बातमीसाठी थांबल्या.

"झेनेक!" वरून आईने लाडक्या नावाने हाक मारली. "बाहेर निघ! तुझं जेवण गार होतंय!"

"ते वर जेवतात?" फादरांनी खाली विचारलं.

"गुडघ्यांमुळे!" अदेला ओरडली.

फादरांनी झेनोनकडे पाहिलं. झेनोनने बुटांकडे. मग तो कुजबुजला, "फादर, तुम्हीच सांगा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

"काय सांगू?"

झेनोनने ओलं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलं. "विचारा... वॉशर आणलाय का."

"अदेलाबाई! हे विचारतात, नळाचा वॉशर आणलाय का?"

"आणलाय!" खालून उत्तर आलं. "त्यांना विचारा, वर आईच्या हीटरने उकडत नाही ना?"

"वर उकडतं का?"

"सांगा, थोडं. आणि विचारा, मांजर जेवते ना नीट."

"मांजर जेवते का?"

"त्याला सांगा... त्यांना सांगा, मांजर दाराशी बसते. संध्याकाळची."

फादर तोबियाशांनी कपाळावरचा घाम पुसला. धर्मगुरू होण्यासाठी सहा वर्षं शिकून ते आता मांजरीचे निरोप पोचवत होते. "देवाच्या प्रेमाला," त्यांनी आशेने सुरुवात केली, "कधीच अंत नसतो..."

"अहो, त्याला नसेल!" वरच्या फटीतून लेओकादियाबाईंचा आवाज कडाडला. "पण देवाला याच्याबरोबर एका खोलीत राहावं लागत नाही! फादर, माझे गुडघे उत्तम आहेत. दोन महिने मी सोफ्यावर झोपतेय. त्याला घरी जायचंय, तिला तो हवाय, आणि मला माझा पलंग!"