मावशीचा केक मऊ झाला

गाडी शिकवण्याच्या शाळेतले मास्तर प्रत्येक नवशिक्याला पहिला धडा एकच देत आले होते : बसण्याआधी गाडीभोवती एक चक्कर मारा आणि डोळे उघडे ठेवून मारा. सुट्टीच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी मावशीने दिलेला केकचा डबा गाडीच्या टपावर ठेवला, किल्लीसाठी सगळे खिसे चाचपले आणि किल्ली सापडल्याच्या आनंदात आत बसून ते निघाले.

डबा दुसऱ्या कुणाचा असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण मास्तरांची आई लहानपणीच गेली होती. मास्तर, त्यांचे दादा आणि ताई या तिघांना मावशीने स्वतःचा संसार न मांडता वाढवलं. तिच्या मायेत कसलीही कसर नव्हती. जी काही होती ती केकमध्ये होती. वर्षअखेरच्या सुट्टीत सगळं घर दादाकडे जेवायला जमे, आणि दरवर्षी मावशी स्वतःच्या हाताने केक करून देई. तो सुरीला दाद देत नसे. दादा त्यावर सुरी उभी धरायचा, वरून हातोडी हाणायचा आणि म्हणायचा, "अहाहा! काय खमंग झालाय!" ताईचे यजमान दातांचे डॉक्टर. ते म्हणायचे, "मावशी, असा केक मी दुसरीकडे कुठे खाल्ला नाही," आणि त्यात खोटं काहीच नसे. मग जो तो "घरी सावकाश खातो" म्हणत आपला तुकडा रुमालात बांधायचा. रिकामी ताटली पाहून मावशीचे डोळे भरून यायचे. त्या डोळ्यांसाठी एवढं खोटं देवही पोटात घालेल, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

तर तो डबा वळणावर टपावरून घसरला. झाकण एकीकडे, डबा दुसरीकडे. केक तेवढा कडेवर उभा राहिला आणि चाकासारखा गडगडत पदपथाकडे गेला. तिथे गवंडी नुकतंच सिमेंट ओतून सारखं करत होता. केक त्याच्या मधोमध जाऊन बसला. मास्तर गाडी थांबवून धावत आले आणि सिमेंटवर वाकले.

"अहो, हात घालू नका!" गवंडी ओरडला.

"केक आहे माझा!"

गवंड्याने वाकून थापीने टकटक वाजवून पाहिलं. "हा? मला वाटलं, धोंडा उडाला चाकाखालनं."

"काढून द्या ना तेवढा."

"काढला तर खड्डा पडतोय. राहू द्या आत, तेवढीच मजबुती," असं म्हणून त्याने वरून थापी फिरवली. मास्तरांच्या डोळ्यांदेखत मावशीची माया गुळगुळीत झाली.

आता खरं सांगावं, तर आदल्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी भट्टीपाशी उभी राहिलेली मावशी डोळ्यांपुढे येत होती. न सांगावं, तर रिकामा डबा मांडीवर होता. मावशीला दुपारी दादा घेऊन येणार होता. मास्तरांनी गाडी थेट बेकरीकडे वळवली.

"हा बघा, आत्ता काढलाय," बेकरीवाला म्हणाला. "बोट लावून बघा, नुसता कापूस."

"कापूस नको हो. जरा निबर नाही का?"

"निबर?"

"म्हणजे शिळा. ठोकला तर आवाज येईल असा."

बेकरीवाल्याने हातातला चिमटा खाली ठेवला. "साहेब, शिळ्याची तक्रार घेऊन लोक येतात. शिळं द्या म्हणत आजवर कुणी आलं नव्हतं. वडिलांचं दुकान आहे हे. निघा तुम्ही."

मास्तर घरी आले. एव्हाना त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला होता, आणि त्यात चूक काढायला जागाही नव्हती. जन्मभर केक करणाऱ्या बाईच्या हातून जर असा केक होतो, तर ज्याला धड चहा जमत नाही त्याच्या हातून याहून बरा कसा होईल? आपल्या नालायकीवर त्यांचा एवढा विश्वास कधीच बसला नव्हता. त्यांनी मैदा हाताला येईल तेवढा घेतला, लोण्याचा अख्खा गोळा टाकला, अंडी फोडली आणि सकाळपासून दादाकडे मदतीला गेलेल्या बायकोला फोन लावला.

"टपावर?" बायको म्हणाली. "तुम्ही? लोकांना शिकवता ना हो तुम्ही?"

हा नुसता पूर्वरंग होता. आख्यान पुढे बराच वेळ चाललं. त्यात गेल्या सुट्टीत हरवलेली छत्री आली, लग्नाच्या दिवशी चुकलेला रस्ता आला, सासूबाईंना उलट्या दिशेच्या गाडीत बसवून दिलं होतं तेही आलं. मास्तर फोन खांद्यात दाबून "हो, हो" म्हणत राहिले आणि सगळा राग मुकाट्याने पातेल्यात काढत घोटत राहिले. बायको थकली तेव्हा पातेल्यात ढगासारखं काहीतरी तयार झालं होतं.

भट्टीतून केक काढला तो टोपीसारखा फुगलेला. मास्तरांनी बोटाने दाबला. तो खाली गेला आणि हसत वर आला. कडेचा कण त्यांनी तोंडात टाकला, क्षणभर डोळे मिटले, आणि मग घाबरून पुन्हा फोन केला.

"अगं, घात झाला. केक मऊ झालाय."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसलं? लाजवाब झालाय!"

बायकोला अर्थ कळला होता. "अगं बाई! म्हणजे सगळे तुटून पडणार. आणि ते तुटून पडणं बघून मावशींना कळणार, इतकी वर्षं आपण काय करत होतो."

"तेच तर म्हणतोय."

"परत भाजा."

त्यांनी परत भाजला. त्याने वर सोनेरी पापुद्रा धरला आणि घरभर वास सुटला. देवाचं देणं हे असं, नको म्हणावं तेव्हा ओंजळ भरून येतं. घरातली अंडी संपली होती, वेळही संपत आली होती. मास्तरांनी वरून पिठीसाखरेचा जाड थर दिला आणि केक मावशीच्या डब्यात घातला.

दादाकडे बायकोने सगळ्यांना स्वयंपाकघरात गाठून ताकीद दिली. "चेहरे दरवर्षीसारखे. कुणी दुसरा तुकडा मागायचा नाही. हातोडी आणा."

"मऊ आहे ना? मग हातोडी कशाला?" दादाने विचारलं.

"दरवर्षी आणता, मग आणायची!"

मावशीने जाड चष्म्यातून केककडे पाहिलं. "यंदा फुगलेला दिसतोय."

"वाटेत हवा लागली असेल," मास्तर म्हणाले.

दादाने सवयीने हातोडी हाणली. सुरी केकमधून पार झाली आणि ताटलीचा टवका उडाला. "अरे, हळू!" मावशी म्हणाली. "केवढा जोर करतोस!"

सगळ्यांनी घास घेतला. डॉक्टरांच्या तोंडून "आई गं" निघालं, तेवढ्यात ताईने त्यांच्या पायावर पाय दिला. "छान आहे," ते कळवळून म्हणाले. "म्हणजे, नेहमीसारखाच." दादा ताटलीकडे बघेना, छताकडे बघू लागला. जीभ दुसरा तुकडा मागत होती आणि हात मांडीखाली दाबलेले होते.

अखेर ताटलीत एक तुकडा उरला.

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. "आजवर कधी उरला नव्हता," ती हळूच म्हणाली. मास्तरांना वाटलं, एवढं सांभाळून शेवटी तिचं मन मोडलंच! पण मावशीने तुकडा उचलला. "चला, एकदा तरी माझ्या वाट्याला आला." तिने खाल्ला. सावकाश चावला. मग चष्मा काढून पदराने डोळे पुसले.

"बाळांनो, आज एक कबूल करते. इतकी वर्षं मला संशय होता. तुम्ही सगळा बांधून न्यायचात, मला कण मिळायचा नाही. वाटायचं, पोरं माझं मन राखतात. गुडघेही आता साथ देत नाहीत. म्हटलं, हा शेवटचा, पुढच्या वर्षीपासून बंद."

"शेवटचा?" दादाने एवढ्या उमेदीने विचारलं की मास्तरांच्या बायकोने त्याला डोळ्यांनी दटावलं.

"होता रे. आता कसला शेवटचा! खरं बोलत होतात तुम्ही, आणि मीच पोटच्या पोरांसारख्या लेकरांवर संशय घेतला. देव मला क्षमा करो. आज तर एकेका तुकड्यावर मन मारून बसलात, दिसलं मला. ते काही नाही. पुढच्या वर्षी प्रत्येक घराला एकेक अख्खा केक. वाढदिवसालाही."

डॉक्टर मास्तरांकडे असे बघत होते, जसे मास्तर सिग्नल तोडणाऱ्या नवशिक्याकडे बघत.

मावशी उठली, मास्तरांपाशी आली आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "आणि माझ्या बाळाने केवढा जपून आणला हो! तुला दोन."