बाई, खड्डा!

आमच्या महाडात गुप्तेबाई रस्त्याने निघाल्या की रहदारी आपली आपण सांभाळून घ्यायची. कारण बाई चालताना वाचायच्या. हातात पुस्तक आहे आणि अधूनमधून नजर टाकतायत, असं नव्हे. घराचं फाटक लावलं की पुस्तक उघडायचं आणि शाळेचं फाटक आलं की मिटायचं. मधल्या रस्त्याशी त्यांचा संबंध पायांपुरता.

बाकीचं काम गावाकडे होतं. बेकरीवाला ओरडायचा, "बाई, पायरी!" शिंपी ओरडायचा, "बाई, गटार!" बाजाराच्या वळणावर सायकल दुरुस्त करणारा सदू न चुकता, "बाई, खड्डा!" बाई मान वर न करता वळसा घालायच्या आणि आवाजावरून ओळखून म्हणायच्या, "बरं झालं सांगितलंस, सदू. खोकला गेला वाटतं." तो खड्डा एकदाचा बुजवला, तर सदूलाच चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तो पुढेही ओरडत राहिला आणि बाई वळसा घालत राहिल्या.

मी त्यांच्याच शाळेत भूगोल शिकवायचो आणि मागच्या आळीत राहायचो. त्यामुळे "जोशीसर, तुम्ही तरी सांगा हो त्यांना," हे गावाने माझ्या गळ्यात घातलेलं काम. बाई मराठीच्या; त्यांना भूगोलवाल्याने काय सांगायचं? तरी मी सांगायचो. उत्तर ठरलेलं. "एवढं पान होऊ दे." ते पान झालं की पुढचं सुरू.

घाटावरून बदलून आलेल्या एका हवालदाराला ही रीत ठाऊक नव्हती. त्याने चौकात हात आडवा केला. "एवढं पान होऊ दे," म्हणत बाईंनी आपली छत्री त्या आडव्या हाताला अडकवली आणि पुढे गेल्या. बिचाऱ्याने मग पोलादपूरची एसटी अडवली. कुणाला तरी अडवायलाच हवं होतं.

एकदा जनगणनेच्या कामासाठी आम्ही दोघं डोंगरावरच्या कुडपण गावी गेलो. तिथे पठारावर ओरडणारी आमची माणसं नव्हती. बाई वाचत निघाल्या त्या थेट कड्याकडे. मी हाका मारतोय, वारा त्या परत माझ्याकडेच आणतोय. शेतातली एक म्हातारी धावत गेली आणि बाईंचा दंड धरून म्हणाली, "गो बाय, फुडं दरी हाय! बुक मिट आदी!"

"एवढं पान होऊ दे," बाई म्हणाल्या.

म्हातारी पान संपेपर्यंत दंड धरून उभी राहिली. मग म्हणाली, "काय लिवलंय गो येवडं त्यात?" बाई तिथेच बांधावर बसल्या आणि तिला सगळं सांगू लागल्या. त्यांच्या वाट्याची घरंसुद्धा मीच मोजली. तेव्हा मी नुसता चिडलो होतो.

निवृत्तीनंतर शाळा सुटली, चालणं सुटलं नाही. बाई आता वाचनालयापर्यंत जायच्या आणि परत यायच्या. अशाच एका सकाळी टेलिफोनची नवी केबल टाकायला बाहेरगावच्या माणसांनी रस्त्यात चर खणला. सदूचं दुकान अजून उघडायचं होतं. बाई वाचता वाचता चरात गेल्या. आम्ही धावलो, तर त्या खालूनच म्हणाल्या, "थांबा, एवढं पान होऊ दे, मग काढा वर." पाय मोडला होता.

पुण्याहून मुलगा आला, प्रसाद. गुणी मुलगा. येताना कॉम्प्युटर घेऊन आला आणि आतल्या खोलीत मांडला. "आई, याच केबलमधून आता सगळं जग घरात येईल. हवं तेवढं वाच. पण रस्त्यावर वाचणं आजपासून बंद." शेवटचं वाक्य मलाही उद्देशून होतं. गावाने सुटकेचा निःश्वास सोडला. मीही सोडला.

बाई हटणाऱ्या नव्हत्या. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून शिकायला बसल्या. पहिल्या दिवशी माउस सरकवता सरकवता टेबल संपलं, तर त्यांनी शेजारी दुसरं टेबल लावून घेतलं. इंटरनेट लागताना फोन कण्हायला लागला की म्हणायच्या, "याचाही पाय मोडलाय वाटतं." पण प्लास्टर निघेतो त्या जगभरचं वाचू लागल्या होत्या. वाचलेलं सगळं प्रसादला ई-मेलने लिहायच्या. तो रात्री कामावरून आल्यावर उत्तर द्यायचा, "छान! जपून राहा."

मी एकदा गेलो, तर कॉम्प्युटर बंद आणि बाई समोर नुसत्या बसलेल्या.

"बिघडला का?"

"छे हो. उत्तम चालतो. सगळं आहे त्यात, जोशीसर. पण मान वर केली की भिंत."

मी खुर्ची ओढून बसलो. त्या म्हणाल्या, "हे होते तोवर मीही खुर्चीतच वाचायची. वाचलेलं यांना सांगायची. हे गेले, आणि मी पुस्तक घेऊन बाहेर पडले. तुम्हा सगळ्यांना वाटलं, बाईला पुस्तकाचं वेड आहे. अहो, पुस्तक घरीही वाचता येतं. पण घरात 'बाई, खड्डा' म्हणायला कुणी नाही."

इतकी वर्षं मी त्यांना रस्त्याचे धोके शिकवत होतो.

पण रडत बसणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. "चला," त्या उठल्या. "याला ओटीवर न्यायचाय. धरा तिकडून." मी भूगोलाचा माणूस, तरी हमाली केली. मग शाळेच्या अडगळीतला एक फळा मागून आणला आणि ओटीच्या कठड्याला बांधला. बाईंच्या घरासमोरच औद्योगिक वसाहतीच्या बसचा थांबा. बाई पहाटे वाचायच्या आणि पहिल्या पाळीची माणसं जमायच्या आत फळ्यावर लिहायच्या, 'आज वाचलं: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.'

"तीन?" एक जण थांब्यावरून ओरडला. "आमचं येकच हाय, त्यानंच पार टेन्शन दिलंय!"

"तुझं ठिकाणावर नाही, म्हणून!" बाई ओटीवरून. सगळा थांबा हसला.

हे रोजचं झालं. बस आली तरी माणसं वाद घालतच चढायची.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस पहाटेपासून वीज नव्हती. ती आली तेव्हा पहिल्या पाळीची बस थांब्यावर उभी होती. मी चहाला गेलो होतो. बाई कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसलेल्या, फळा पुसलेला. तेवढ्यात बिरवाडीचा एक कामगार बसमधून उतरून, भिजत फाटकाशी आला.

"बाई, फळा कोरा हाय आज! तब्येत बरी हाय नं?"

मागे बसच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती.

बाईंच्या वतीने मीच सवयीने म्हणालो, "थांब रे, एवढं पान होऊ दे."

पण बाई उठल्या होत्या. काठी आणि खडू घेऊन त्या कठड्याशी गेल्या आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बरी आहे.'

बस गेली. बाई पाठमोऱ्या, चष्मा पुसत उभ्याच राहिल्या. पडद्यावर पान अर्धंच राहिलं होतं.