मावशीच्या शोकात पांढरे डोळे

"शनिवारी मी अशी रडेन, अशी रडेन, की अख्ख्या माम्पोंग गावच्या कोंबड्या खुराड्यात शिरतील!" बिरागोने आरशासमोर उभं राहून जाहीर केलं.

कारणही तसंच होतं. थोरली मावशी गेली होती. आता तिच्या जागी घराण्याची कर्ती बाई कोण, हे मामा शनिवारच्या शोकसभेच्या शेवटी सांगणार होते. इथे कूळ आईकडून चालतं, त्यामुळे मामांच्या शब्दापुढे कोणाचंच चालत नाही. नावं दोनच होती: बिरागो आणि तिची मावसबहीण दुफी.

पण रडायचं कशाने? जानेवारीचा हरमाटन सुटला होता. वाळवंटाकडून येणारा तो वारा ओठ फोडतो, दारं वाकवतो. बिरागोच्या डोळ्यांत तर त्याने रेतीची पोतीच रिकामी केली होती. पापणी मिटली की खरखर! आणि ती दुफी? आठव्या दिवसाच्या बैठकीत तिने इतकी आसवं गाळली की मामांनी तिला स्वतःचा रुमाल दिला. इस्त्रीचा!

त्या दिवसापासून बिरागोच्या पोटात जे दुखत होतं त्यावर औषध नव्हतं. डोळ्यांवर तरी असेल, म्हणून ती ओफोसूच्या औषधाच्या दुकानात गेली.

"काय होतंय, ताई?"

"खुपतंय, जळतंय. आणि पाण्याचा थेंब नाही!"

ओफोसूने दोन बाटल्या पुढे ठेवल्या. "कोरड्या डोळ्यांना ही. अगदी अश्रूंसारखं पाणी आहे. ही दुसरी नुसती लाली घालवते. तुमच्या कामाची नाही, उलट डोळे आणखी सुकतील."

"मग पहिलीच दे."

"छान! दुफीताईही हीच नेतात. आतापर्यंत तीन बाटल्या नेल्या त्यांनी."

बिरागोचा हात हवेतच थांबला. "दुफी? हीच?"

"हीच."

"मग मला ती दुसरी!"

"अहो ताई, पण..."

"दुफीच्या उष्ट्या औषधाने मी रडू? बांध ती!"

त्या दुसऱ्या बाटलीच्या खोक्यावरच्या बाईचे डोळे तर दुफीच्या चौपट चमकत होते. मुलांनो, औषध आपला डोळा बघून घ्यावं, बहिणीचा बघून घेऊ नये. पण बिरागोला हे सांगणार कोण?

शनिवारी सकाळपासून तिने तीनदा थेंब घातले. मंडपात शोकाच्या लाल-काळ्या वस्त्रांची गर्दी होती. रडून, जागून, धुळीने सगळ्यांचे डोळे पिकल्या मिरचीसारखे लाल. आणि बिरागोचे? सोललेली उकडलेली अंडी!

"ही काय वरातीला आलीय का?" एक म्हातारी पुटपुटली.

"झोप मस्त झालेली दिसते!" दुसरीने री ओढली.

"मावशी गंऽऽऽ!" बिरागोने असा टाहो फोडला की मंडपाचे खांब हलले. थेंब मात्र नाही! तिने मेलेली बकरी आठवली. जेवणातलं जळालेलं फुफू, तो कंदांचा गोळाही आठवला. व्यर्थ! शेजारी दुफीच्या गालांवरून मात्र दोन नद्या वाहत होत्या, आणि बायका तिला वारा घालत होत्या.

मामांनी माइक हातात घेतला.

"रडणारे पुष्कळ झाले! उद्या जमिनीचे, लग्नांचे तंटे येतील. तेव्हा सगळं घर रडेल. कर्ती बाईही डोळे पुसत बसली तर निवाडा कोण करणार? सकाळपासून मी पाहतोय. या मंडपात कोरडे डोळे एकीचेच आहेत. बिरागो!"

दुफीने आ वासला. नळ बंद करावा तशी तिची आसवं थांबली. ती बिरागोकडे अशी बघायला लागली, की बिरागोला ती नजर तत्काळ ओळखू आली. रोज आरशात दिसायची ना! दुफी जळत होती! तिच्यावर!

इतकी वर्षं हुकलेलं सुख एकदम दाटून आलं, आणि बिरागोच्या डोळ्यांना धार लागली. हनुवटीवरून, गळ्यावरून, काळ्या वस्त्रावर... थांबता थांबेना!

मामांनी चष्मा सावरला. "अरेच्चा! ही पण रडते?"

त्यांनी मंडपभर नजर फिरवली. ती दुफीवर येऊन थांबली. दुफी दगडासारखी कोरडी बसली होती.

"हं," मामा म्हणाले, "मग दुफीच."

त्यानंतर महिनाभर हरमाटन वाहत होता, पण बिरागोला कुठल्याच थेंबांची गरज पडली नाही.