कादंबरीला चार खांदेकरी

आमच्या गावात पुस्तकातलं माणूस मेलं, की त्याचं प्रेत वाचणाऱ्याच्या दारात येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाल्याच्या थोडं आधी. तेच पुस्तक दोघांनी वाचलं तर दोन दारांत दोन. ते धुणं, नेणं आणि नगरपालिकेत नोंदवणं ही वाचकाची जबाबदारी. लेखकाची नाही. लेखक बहुतेक मोठ्या शहरांत राहतात, आणि तिथं हा नियम लागू नाही.

वाचनालयाच्या वार्षिक अंकासाठी 'यंदा काय वाचलं' ते लिहून द्या, म्हणून ग्रंथपाल तिडके माझ्या मागे लागले आहेत. म्हणाले, "काकू, गावात तुमच्याइतकं कोणी वाचत नाही. आणि तुमच्याइतकं कोणी उचलत नाही." दुसरं खरं आहे, म्हणून पहिलंही मानायला हरकत नाही.

मी शाळेत गेले नाही. वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर वाचायला शिकले. पुडीवर गोष्टीचा मधलाच तुकडा यायचा. शेवट दुसऱ्या कोणाच्या घरी हळदीबरोबर जायचा. त्यामुळे कितीतरी वर्षं माझ्या दारात कोणी आलं नाही. पुढे वर्गणी भरून पुरी पुस्तकं वाचू लागले, तेव्हा कळलं की शेवटाला वजन असतं. शिकलेली माणसं पुस्तक चाळतात. चाळणाऱ्याच्या दारात फार तर एखादा हात येतो. काही जण नदीच्या पुलापलीकडे, नगरपालिकेच्या हद्दीबाहेर जाऊन वाचतात. तिथं झाडाखाली रडून घेतात आणि हात झटकून परत येतात. मी त्याला वाचन म्हणत नाही. तिडकेंची गोष्ट वेगळी. त्यांचं घरच हद्दीबाहेर आहे, आणि प्रत्येक नवं पुस्तक आधी वाचून पाहणं हे त्यांचं कामच आहे. ज्या पानांवर कोणी मरतं, ती पानं ते काळ्या दोऱ्यानं शिवून ठेवतात. दोरा कापून हवा असेल, तर चार खांदेकऱ्यांची नावं सांगावी लागतात. पुस्तकात मूल असेल तर एकच नाव पुरतं, कारण मुलाला हातावर नेतात.

माझा पहिला खांदेकरी रुस्तुम घुले. शेजारी पिठाची गिरणी चालवतो. उरलेले तिघे तोच दळण थांबवून आणतो.

यंदा आधी एक रहस्यकथा वाचली. गोष्ट अडली की हा लेखक माणूस मारतो. तिसरी बाई तर केवळ प्रकरण भरायला मेली. खुनी शेवटी स्वतःला गोळी घालून घेतो, त्यामुळे त्यालाही मलाच न्यावं लागलं. ओट्यावर त्याला आणि त्यानं मारलेल्यांना शेजारी ठेवायचं का, यावरून रुस्तुमचं आणि माझं वाजलं.

"त्याला बाजूला ठेवा, काकू. बायकांना बरं दिसत नाही."

"बाजूला म्हणजे कुठं? तुझ्या गिरणीत?"

अखेर मध्ये दळणाचा डबा ठेवला. पुस्तक वेळ घालवायला ठीक आहे. खुनी कोण, ते मला आधीच कळलं होतं.

ऐतिहासिक कादंबरी मी लढाईच्या आदल्या दिवसापर्यंत वाचते आणि परत करते. सगळं गाव तेच करतं. मागे एका मास्तरांनी पैज म्हणून लढाई वाचली. त्या आठवड्यात शाळा भरली नाही, कारण पटांगणात जागा नव्हती. घोडेही होते. लेखकानं नुसतं 'असंख्य' लिहिलं होतं. असंख्य हा आकडा नोंदीत बसत नाही, म्हणून नगरपालिकेच्या कारकुनानं मास्तरांना मोजायला लावलं. त्यानंतर मास्तर इतिहास शिकवत नाहीत, भूगोल शिकवतात.

एका मोठ्या माणसाचं आत्मचरित्र वाचलं. जाडजूड आहे. सत्कारांचे फोटो आहेत. त्यात मरते ती फक्त त्याची पहिली बायको, तीही अर्ध्या वाक्यात. उरलेल्या अर्ध्या वाक्यात तो निवडून येतो. ती सकाळी माझ्या पायरीवर होती. अंगावर काही नव्हतं, कारण त्यानं काही लिहिलं नव्हतं. चेहराही धड नव्हता. मी माझं हिरवं पातळ तिला नेसवलं. नोंदवायला गेले तेव्हा कारकून म्हणाला, "नाव?" मी म्हटलं, नाव दिलेलं नाही. "मग काय लिहू?" मी माझ्या आईचं नाव सांगितलं. आत्मचरित्राला यंदा पुरस्कार मिळाला आहे. पुरस्कार देणाऱ्यांच्या दारात ती गेली नाही, एवढं मी सांगू शकते.

कवितासंग्रह एक वाचला. कवी पानोपानी मरतो, पण तशा मरणाला वजन नसतं. सकाळी पायरीवर ओलसर डाग असतो, फडकं फिरवलं की जातो. एकाच कवितेनंतर खरा माणूस आला. चार ओळींची होती. ती कविता चांगली आहे. यशस्वी होण्याचंही एक पुस्तक वाचलं. त्यात कोणी मरत नाही. कोणी जगतही नाही. माशांच्या पाककृतींच्या पुस्तकासाठी वाचनालयात नंबर लावावा लागतो. त्याचं कारण सांगायला नको.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

प्रद्युम्न वाळके यांची मिठागरावरची कादंबरी श्रावणात आली. त्यात रुंजी नावाची मुलगी आहे. वय नऊ. बोटावर मीठ घेऊन चाटते आणि कुठल्या कुंडीतलं ते सांगते. आईच्या आधी उठते, आईलाच दटावते. लेखक एखाद्या मुलीवर असा जीव ओतायला लागला, की मला पुढचं कळतं. रुंजीला ताप भरतो. झोपडीत पाणी नसतं. आई घागर घेऊन गोड्या पाण्याच्या विहिरीकडे जाते, आणि विहीर लांब असते. रुंजी दाराकडे तोंड करून म्हणते, "आई, पाणी." तिथं पान संपतं आणि तिडकेंचा काळा दोरा सुरू होतो.

पुस्तक तसंच परत करता आलं असतं. पुष्कळांनी केलं. मी घरी ठेवलं. पुस्तक मिटलं तरी ती तिथं होतीच. मी भाकरी खाताना ती तहानलेली होती. मी आंघोळीला पाणी घ्यायची, तेव्हाही.

रुस्तुमला मी नाव द्यायला सांगितलं. त्यानं गिरणीचा पट्टा काढला आणि माझ्यासमोर बसला.

"काकू, नका उघडू. उघडलं नाही तर ती मरत नाही."

"आणि पाणीही मिळत नाही."

"तहानलेली का होईना, आहे ना. मागच्या खेपेचा तो पोरगा मी हातावर नेला होता. त्याची मान माझ्या खांद्यावर पडली होती. मला परत सांगू नका. मोठी माणसं आणा, कितीही आणा. नाहीतर एखादं विनोदी वाचा."

"विनोदी वाचून मला झोप येते."

"मग झोपा की."

मी स्वतःचं नाव दिलं असतं, पण तिडके ऐकेनात. वाचक आणि नेणारा एकच असेल, तर रडणारं कोणी उरत नाही, असा वाचनालयाचा ठराव आहे. म्हणून पुस्तक माझ्या फळीवर पडून राहिलं, आणि ती मुलगी त्यात.

दिवाळीनंतर वाळके वाचनालयाच्या व्याख्यानाला आले. चांगला माणूस. मऊ आवाज, खादीचा झब्बा. नियम त्यांना पत्रानं कळवला होता. त्यांना वाटलं, गावाची प्रेमानं बोलायची रीत असावी. तासभर बोलले. मग तिडकेंनी विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. मी उभी राहिले.

"रुंजी मरते का?"

सभागृहात लोकांनी पटापट कानांवर हात ठेवले. ऐकलेल्याचंही येतं, असा काहींचा समज आहे.

वाळके हसले. "ते वाचकानं स्वतः शोधावं, आजी."

"शोधायला माझी ना नाही. उचलायला कोणी नाही."

ते तिडकेंकडे बघायला लागले. तिडकेंनी मान हलवली. वाळके गंभीर झाले. "हे बघा, मला त्या मुलीबद्दल तुमच्याइतकंच वाटतं. पण तिचं जाणं अटळ होतं. ती कथेची गरज होती."

"कथा कुठं राहते? पत्ता द्या. तिच्या दारात ठेवून येते."

वाळके पाणी प्यायले. लोक पेल्याकडे बघत राहिले, तेव्हा त्यांनी तो खाली ठेवला.

व्याख्यान संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं आणि पुस्तक समोर धरलं. "मुलीला जगवा. एवढंच मागते. बाकी तुमच्या कादंबरीतली एक ओळ हलवू नका."

"आजी, छापून झालंय."

तेव्हा तिडके म्हणाले, "शुद्धिपत्र चालतं. लेखकानं हद्दीत बसून स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली आणि वाचनालयाचा शिक्का बसला, तर त्या प्रतीपुरती ती कायम."

"त्या एकाच प्रतीपुरती?"

"हो. बाकी प्रतींत मुलगी छापल्याप्रमाणे."

वाळके बाकावर टेकले आणि पुस्तक उलटून बघितलं. मग म्हणाले, "माझी मुलगी नऊची आहे." त्यांनी कात्री मागितली, स्वतः दोरा कापला आणि पेन काढलं. तिडके शाई आणि शिक्का घेऊन शेजारी बसले. मला वाळकेंनी पायरीवर बसवलं. लिहिताना वाचकानं बघितलं की त्यांना सुचत नाही. मी तिथून त्यांचा हात तेवढा बघत होते. झरझर खोडत होते. मग थांबले. पेनचं टोपण दातांत धरून तिडकेंना म्हणाले, "जगली हो. पण शेवट हलका पडतोय."

"पडू द्या," मी पायरीवरून म्हटलं.

"तुम्ही काळजी करू नका, आजी. मुलीला काही होत नाही. शब्द देतो."

मग परत लिहायला लागले, या वेळी सावकाश, एकेक शब्द मनात म्हणत. शिक्का बसला. त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, माझ्या पाया पडले आणि दुपारच्या एस.टी.नं गेले. डोळे ओले होते. माणूस खोटा नव्हता.

मी घरी येऊन उजेडातच वाचायला घेतलं. रुंजीचा ताप उतरला. त्यांनी ते फार सुंदर लिहिलं आहे: आधी कपाळाला घाम, मग तळपायांना. ती उठून बसली आणि हात टेकत टेकत दारापर्यंत गेली. तिथं बसून वाट बघायला लागली. त्याखाली, समासात, बारीक अक्षरात चार ओळी होत्या. बांधावर ऊन. अनवाणी पाय. डोक्यावर भरलेली घागर. झोपडी दिसायला लागली होती तेवढ्यात आई गुडघ्यांवर बसली आणि उठली नाही. घागर तिनं सांडू दिली नाही.

शेवटची ओळ चांगली होती. ते मान्य करायला हवं. मी मुलीपुरतंच बोलले होते.

संध्याकाळी गिरणीवर गेले आणि रुस्तुमला म्हटलं, "उद्या सकाळी ये."

त्यानं विचारलं नाही, कोण. दोन्ही हातांवरचं पीठ झटकलं आणि म्हणाला, "येतो. तुम्ही एकट्या कुठं नेणार."

सकाळी तो एकटाच आला. खांद्यावर धुतलेलं पांढरं फडकं होतं, लहान मुलाच्या मापाचं. पायरीवर बाई होती. टाचा मिठानं फुटलेल्या, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. शेजारी घागर उभी होती, काठोकाठ भरलेली.

रुस्तुम थांबला. "ही कोण?"

"तिची आई."

"आणि पोरगी?"

"जगली."

"जगली?" तो खाली बसला. फडक्यानं त्यानं स्वतःचं तोंड पुसलं. "मग बरं झालं की, काकू. मी रात्रभर... असू दे. बरं झालं. आणतो तिघांना."

तिघे आले. बांबू आले, सुतळी आली. मी बाईला धुतलं. पायांवरचं मीठ काही केल्या जाईना. रुस्तुम गाठी मारत होता. शेवटची गाठ मारता मारता त्याचा हात थांबला.

"पोरीजवळ आता कोण आहे?"

"कोणी नाही. दारात बसलीय."

"पाणी मिळालं तिला?"

मी घागरीकडे बघितलं. त्यानंही बघितलं.

"पुढं काय लिहिलंय?"

"पुढं पुस्तक संपतं. मागच्या पानावर त्यांच्या इतर कादंबऱ्यांची जाहिरात आहे."

तिघे रुस्तुमच्या तोंडाकडे बघत उभे होते. गिरणीपुढं दळणाचे डबे लागले होते आणि बायका वाट बघत होत्या. त्यानं गाठ आवळली, उठला आणि पुढची उजवी बाजू खांद्यावर घेतली.

"चला," तो म्हणाला, "ऊन चढतंय."